मथळ्यातील साक्ष

१९ नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाला अवघा एक दिवस उरला होता. विरारच्या एका हॉटेलात बहुजन विकास आघाडीच्या कार्यकर्त्यांनी भारतीय जनता पक्षाचे सरचिटणीस विनोद तावडे यांना घेरले. तावडे ५ कोटी रुपये वाटण्यासाठी आले, असा आरोप आमदार हितेंद्र ठाकूर यांनी केला. तावडे यांनी तो साफ नाकारला. आपण कार्यकर्त्यांना मतदानाच्या दिवसाचे नियम सांगण्यासाठी आलो होतो, असे ते म्हणाले. निवडणूक यंत्रणेने हॉटेलातून सुमारे ९ लाख ९३ हजार रुपये जप्त केले.

ही घटना दोन प्रकारे छापता येते. ‘५ कोटी’ मथळ्यात आणि इन्कार शेवटच्या ओळीत. किंवा इन्कार मथळ्यात आणि जप्तीची रक्कम कोपऱ्यात. दोन्हींत एकही वाक्य खोटे नसेल. तरीही वाचकाच्या मनात दोन अगदी भिन्न चित्रे उभी राहतील. मग खोटी साक्ष कोणी दिली?

‘खोटी साक्ष देऊ नकोस’ ही आठवी आज्ञा आपण बालपणापासून पाठ म्हणत आलो. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथ या आज्ञेचा अर्थ अधिक खोल नेतो. पुरेशा आधाराविना शेजाऱ्याचा नैतिक दोष मनातल्या मनात खरा मानणे, हाही तिचा भंगच होय. म्हणजे ही आज्ञा बातमी लिहिणाऱ्याला जितकी, तितकीच ती वाचणाऱ्यालाही लागू आहे.

२००९ च्या निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारे मजकूर निरनिराळ्या मराठी दैनिकांत जवळजवळ शब्दशः सारखे छापून आले. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणले. चव्हाण यांनी पैसे देऊन बातम्या छापल्याचा आरोप नाकारला. २०१४ च्या जुलैमध्ये निवडणूक आयोगाने त्यांचा खर्चाचा हिशेब सदोष ठरविला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आरोप आठवणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हा निकाल आठवतो?

मग वृत्तपत्राने दोन्ही बाजूंना समान ओळी मोजून द्याव्यात काय? नव्हे. सत्य एका बाजूला असेल, तर ते निम्मे वाटून देणे हीसुद्धा असत्याचीच सेवा होय. वृत्तपत्राने मत जरूर बाळगावे. परंतु ते अग्रलेखात मांडावे, बातमीच्या पोटात दडवू नये.

हितेंद्र ठाकूर १९९० साली प्रथम आमदार झाले; २०२४ मध्ये वसईतून पराभूत झाले. या काळात त्यांच्याविषयी अनुकूल वा प्रतिकूल मत नाही, असे घर वसईत क्वचितच सापडेल. आपल्या माणसाविरुद्ध बातमी आली की ‘पेपर विकला गेला’ असे आपण म्हणतो. विरोधकाविरुद्ध आली की ‘बघा, छापूनच आले आहे!’ तराजू तोच असतो, केवळ पारडे आपण बदलतो. संपादकाच्या पक्षपाताला आपल्या ओट्यावरच खतपाणी मिळते.

सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य उरतेच, असे ख्रिस्तसभा शिकविते. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात जी बातमी आपण चारचौघांना ऐकविली, ती खोटी वा अर्धवट ठरली, तर पुढच्या रविवारी त्याच आवारात, त्याच चौघांना तसे सांगण्याचे धैर्य आपल्यापाशी आहे काय? ते आपण दाखवू, तेव्हाच वृत्तपत्राकडे सत्य मागण्याचा अधिकार आपल्याला लाभेल.