पुन्हा त्याच टेबलावर

पहिल्या शस्त्रक्रियेला माणूस आशेवर जातो. दुसऱ्या वेळी त्याला सगळं ठाऊक असतं. कण्यात भुलेची सुई टोचल्यावर पाय परके होतात, रात्रभर एका अंगावर पडून पाठ धरते, आणि ड्रेसिंगला हात लागण्याआधीच अंग आखडतं. खुब्याचा सांधा एकदा बदलल्यावर पुन्हा बदलायची पाळी ज्याच्यावर येते, त्याची भीती अनुभवातून आलेली असते. तिला ‘काही होत नाही गं’ हे उत्तर पुरत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीवर, अक्कावर, यंदा ही वेळ आली. शाळेत शिकवत असतानाच तिने संधिवाताने झिजलेला उजवा खुबा बदलून घेतला होता. त्या खुब्यावर तिने नोकरी पुरी केली, नातवंडं वाढवली, आळंदी ते पुणे हा वारीचा टप्पाही चालली. मग जांघेत कळ यायला लागली. खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं जड जायची. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी समजावलं, की सांध्यातल्या पॉलिइथिलिनच्या वाटीचे बारीक कण वर्षानुवर्षं झिजून सुटत राहतात, शरीर त्यांच्याशी झुंजतं आणि त्या झुंजीत शेजारचं हाड विरतं. भिंत भुसभुशीत झाली की खुंटी हलणारच.

अक्काने ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाली, “माझंच काहीतरी चुकलं असणार.”

हे वाक्य मला फार लागलं. त्यात भर म्हणून भेटायला आलेल्या एका बाईंनी मागच्या जन्मीच्या भोगाचा विषय काढला. आजाऱ्याच्या उशाशी बसून असं बोलणं मी क्रौर्यच मानतो. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी मानतो. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठा अभ्यास आला होता. बदललेल्या खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के खुबे २५ वर्षं टिकतात, असं त्यात दिसलं. म्हणजे बाकीच्यांवर त्याआधीच पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते. त्या सगळ्यांनी काय पाप केलं होतं?

याबाबतीत मला जॉन चार्न्ली आठवतात. आजच्या सांध्याचा पाया घालणारे हे इंग्लिश सर्जन. लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात १९६२च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी पॉलिइथिलिनची वाटी वापरायला घेतली आणि तिथून या शस्त्रक्रियेला खरं यश आलं. त्याआधीची त्यांची टेफ्लॉनची वाटी मात्र काही वर्षांतच झिजली होती आणि रुग्णांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं होतं. तेव्हा चार्न्लींनी तो पदार्थ स्वतःच्या मांडीत टोचून घेतला, शरीर त्याचं काय करतं ते बघायला. दोष रुग्णाच्या दैवात न शोधता त्यांनी तो पदार्थात शोधला. मी अक्काला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पहिल्या वेळी मी पांडुरंगाकडे मागितलं होतं. त्यानं दिलं. मी ते वापरलं. वापरलेलं झिजायचंच की.” या वेळी काय मागितलंस, असं मी विचारलं नाही.

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. जुना सांधा हाडातून सोडवून काढायचा, जुनं सिमेंट खरवडायचं, हाड उरलं नसेल तिथे हाडाचा चुरा भरायचा. वेळ जास्त, रक्त जास्त, जंतुसंसर्गाचा आणि सांधा निखळण्याचा धोकाही जास्त. पुढे काही आठवडे वॉकर घेऊन चालायचं आणि त्या पायावर पूर्ण भार टाकायचा नाही. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कमरेतून काटकोनापलीकडे वाकायचं नाही. झोपताना दोन पायांमध्ये उशी.

ही यादी आपल्या माणसाला जशी अडवते तशी दुसऱ्या कुणाला क्वचितच अडवत असेल. आपली भक्ती अंगाने करायची भक्ती आहे. पाटावर बसून पूजा, प्रदक्षिणा, पायावर डोकं, साष्टांग दंडवत. अक्काचं देवघर जमिनीपासून जेमतेम हातभर उंच. भाच्याने ते मेजावर उचलून ठेवलं तेव्हा ती आधी रागावली. सासूबाईंनी मांडलेला देव हलवला म्हणून. दोन दिवस तिने तिकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली आणि उभ्यानेच फूल वाहिलं. हरिपाठ तर तिचा पलंगावर पडूनच चालू होता. वारकरी संतांनी नामाला आसन लागू दिलं नाही, वेळ लागू दिली नाही. हे त्यांनी धडधाकट माणसासाठी केलं असेल त्याहून अधिक अशा अंथरुणाला खिळलेल्यांसाठी केलं, असं मला वाटतं. श्रद्धेने तिचं दुखणं कमी झालं नाही. गोळ्यांनी झालं. पण सकाळी फिजिओथेरपिस्ट दारात आला की ती डोळे मिटून नाव घ्यायची आणि टाच घासत गुडघा वर आणायची.

आणि घरचे. इथे मला जरा कठोर बोलायचं आहे. आपल्या घरांत आजारपण आलं की पुरुष फॉर्मवर सही करतात, विम्याचे कागद नाचवतात, आणि भांडं द्यायला, अंग पुसायला, रात्री तीनला उठायला सून किंवा मुलगी असते. अक्काकडेही तेच सुरू झालं. पहिले काही दिवस सुनेने एकटीने काढले. दिवसा बँकेतली नोकरी, रात्री ही पाळी. ती एकदा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पेंगताना मी पाहिली.

पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घट्ट मोजे घालावे लागतात. ते चढवणं सोपं नाही. मोजा आधी उलटा करून टाचेपर्यंत गोळा करायचा, बोटांवर बसवायचा, मग सुरकुती राहू न देता तसू तसू वर ओढायचा, आणि हे सगळं खुबा न वळवता. एका सकाळी सून आंघोळीला गेली होती, म्हणून अक्काच्या मुलाला ते करावं लागलं. तो खाली बसला. आईचं पाऊल त्याने मांडीवर घेतलं. “दुखलं तर सांग,” म्हणाला. अक्काला संकोच वाटला; मुलाने असलं काम करावं हे तिला पटत नव्हतं. पण तिने पाय मागे घेतला नाही. मोजा नीट बसल्यावर त्याने विचारलं, “आता रात्री तुला किती वेळा उठावं लागतं?” तोवर त्याला ते माहीत नव्हतं.

अक्काने सांगितलं. आणि तिने आणखी एक सांगितलं, जे शस्त्रक्रियेच्या आधीच तिला कुणीतरी विचारायला हवं होतं. भांडं द्यायला तिला बाहेरची मावशी चालेल, आंघोळीला मात्र सूनच हवी. हात धरून उचललेलं तिला आवडत नाही, वॉकर पुढे ठेवून थांबलेलं आवडतं. बिल किती झालं ते तिला कळायला हवं, कारण पेन्शन तिची आहे. आणि डॉक्टर काही वाईट बोलले तर ते तिच्यासमोर बोलावं. यात अवघड असं काही नव्हतं.

फ्रिजवर आता एक कागद आहे. सोमवार ते रविवार, रात्रीची पाळी कुणाची. त्यात मुलाचं नाव तीनदा आहे, सुनेचं दोनदा, मावशींचं दोनदा. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर. तो चांगला आला तर कार्तिकीला गाडीने पंढरपूरला जाता येईल का, हे अक्का डॉक्टरांना स्वतःच विचारणार आहे.