जुनी मोटार आणि अपरिग्रह

१९३६ सालीं गांधीजी वर्ध्याजवळील शेगांवीं रहावयास आले. तें गांव पुढें सेवाग्राम झालें. आश्रमाच्या एकादश व्रतांत अपरिग्रह आहे. त्याच जिल्ह्यांत जुनी मोटार हप्त्यानें घ्यावी काय, असा हिशेब आम्ही पगारदार मांडूं लागलों कीं मनास टोचणी लागते.

आजारी आईस सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत न्यावयाचें, तर वाहनास चैन कोण म्हणेल? पण गरजेलाही मर्यादा असते. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. पुढें तपासणी होऊन ती ५ वर्षांनीं वाढते. १० वर्षें चाललेली मोटार ६० हप्त्यांनीं घेतली, तर शेवटचा हप्ता आणि नोंदणीची मुदत एकदमच संपतात. शिवाय विमा, पेट्रोल, दुरुस्ती आहेच. म्हणजे अद्याप न मिळालेला पगार आम्ही आजच खर्चीं टाकतों; आमच्या मतें खरा परिग्रह तो हाच.

यास्तव घेण्यापूर्वीं ६ महिने हप्ता व चालविण्याचा खर्च मिळून होणारी रक्कम बाजूस काढून पाहावी. आईचें औषध व मुलांचीं पुस्तकें यांस ओढ लागली नाहीं, तर मोटार खुशाल घ्यावी. लागली, तर जिच्यासाठीं मोटार घ्यावयाची तिच्याच औषधावर ती चालेल.