पिकला केस आणि दशरथाचा आरसा

॥ श्री देव रामेश्वर प्रसन्न ॥



श्रींच्या दर्शनास येणाऱ्या मंडळींकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. मुलाचे वय पंचवीस, आणि केस मात्र पांढरे होऊ लागले. स्थळे परत जातात. काही उपाय आहे का? प्रश्न वरवर क्षुल्लक, पण विचारणाऱ्या मातेचा स्वर कापरा असतो. म्हणून या विषयाचे थोडे चिंतन करू.

रामराज्याभिषेकाचा संकल्प प्रथम कोठे उगवला? गोस्वामी तुलसीदास सांगतात की, दशरथ महाराज मुकुट सारखा करण्यासाठी आरशात पाहतात आणि कानाजवळचे पांढरे केस त्यांच्या दृष्टीस पडतात. त्याही पूर्वी कालिदासाने रघुवंशाच्या बाराव्या सर्गात हीच कल्पना योजिली आहे. तेथे जरा पांढऱ्या केसाच्या रूपाने राजाच्या कानाशी येते आणि राज्यलक्ष्मी रामाला दे, असे कुजबुजते. कानाशीच का, तर गुपित कानातच सांगावयाचे असते. आणि कानशिलावरचे केस पुष्कळांचे आधी पिकतात, हेही खरेच! तुलसीदासांच्या कथेत राजा तो केस पाहून राजवैद्यास बोलावीत नाही. तो गुरू वसिष्ठांकडे जातो.

याच्या उलट ययाती. शुक्राचार्यांच्या शापाने जरा आली, तेव्हा त्याने ती पुत्राच्या माथी दिली. धाकट्या पुरूने पित्याचे म्हातारपण पत्करले. सहस्र वर्षे भोग घेऊनही राजा अतृप्त राहिला आणि अखेर त्याने पुत्राचे तारुण्य परत केले. आपल्याच सिंधुदुर्गातील शिरोड्यास दीर्घकाळ शिक्षक असलेल्या वि. स. खांडेकरांनी या कथेवर 1959 साली कादंबरी लिहिली, हे वाचकांस ठाऊक आहेच.

आता शरीराचा धर्म पाहू. केसाच्या मुळाशी रंग निर्माण करणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना जन्म देणाऱ्या मूळपेशींचा साठाही तेथेच असतो. वयानुसार तो साठा सरतो किंवा निष्क्रिय होतो, आणि नवा केस रंगाविना उगवतो. केव्हा पिकावयाचे हे बरेचसे घराण्याच्या रक्तात असते. म्हणून पंचविशीतील मुलास दोष देणाऱ्यांनी त्याच्या आजोबांचे जुने छायाचित्र एकदा काढून पाहावे.

सुश्रुताचार्यांनी ‘पलित’ या व्याधीचे कारण सांगताना क्रोध, शोक आणि श्रम यांचा उल्लेख केला आहे. यांमुळे शरीराची उष्णता मस्तकात जाते आणि पित्त केसांना पिकविते, असे ते म्हणतात. 2020 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, तीव्र ताणाने उत्तेजित झालेल्या मज्जातंतूंमुळे रंगाच्या मूळपेशी संपुष्टात येतात. भाषा निराळी; परंतु मनाचा दाह केसापर्यंत पोहोचतो, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानी आली.

पांढरा केस पुन्हा काळा होतो काय? 2021 साली कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 14 व्यक्तींचे केस सूक्ष्मपणे तपासले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे प्रत्येक केस ही गेल्या काही महिन्यांची रोजनिशीच असते. काही केस टोकाला पांढरे आणि मुळाकडे पुन्हा रंगीत आढळले. एका व्यक्तीचे पाच केस तर सुटीच्या काळात, ताण उतरताच, पालटले होते. पाच केस, संपूर्ण मस्तक नव्हे! वर्षानुवर्षे पांढरे झालेले डोके पुन्हा काळे करील असा सिद्ध उपाय आज उपलब्ध नाही. तशी हमी देणाऱ्या तेलाच्या बाटलीवर, ती देवाच्या नावाने विकली जात असली तरी, भाविकांनी पैसे दवडू नयेत. माका, आवळा, जास्वंद घालून उकळलेले खोबरेल अवश्य लावावे; डोके शांत राहते. मात्र अकाली केस पिकत असल्यास बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. तेथे उणीव सापडली तर उपचाराने काही वेळा रंग परत येतो. कलप लावण्यास कोणत्याही देवाची मनाई नाही. फक्त खाज किंवा सूज आल्यास तत्काळ थांबवावा.

आणि त्या मुलास महाभारतातील अष्टावक्राची आठवण द्यावी. जनकाच्या द्वारपालाने बालक म्हणून अडविले, तेव्हा त्याने सुनावले की, डोके पांढरे झाल्याने कोणी वृद्ध होत नाही. काळ्या केसांनी कोणी श्रेष्ठ वर ठरतो, हेही तितकेच असत्य!

राहिला प्रश्न आम्हां वडीलधाऱ्यांचा. आमच्या आचऱ्याची गावपळण सर्वश्रुत आहे. श्रींच्या आज्ञेने सारा गाव गुरेढोरे, कोंबड्यांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतो. भरले घर, तिजोरी, विहीर, माड, सर्व मागे ठेवून माणसे झोपड्यांत राहतात. एरव्ही किल्ल्यांचा जुडगा कमरेचा न सोडणारे पिकल्या केसांचे आजोबाही त्या दिवशी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतात. तीन दिवसांनी कौल मिळाल्यावर गाव परततो, अंगण झाडले जाते, चूल पेटते. त्या वेळी किल्ल्यांचा जुडगा पुन्हा स्वतःच्या कमरेला खोचावा की सुनेच्या हाती द्यावा, याचा कौल मात्र ज्याचा त्याने आपल्या मनाशी घ्यावयाचा असतो.