मागाहून आलेले वडील

आधी मुले जन्माला यावीत आणि मग त्यांना वडील मिळावेत, असा प्रकार पुराणांतही क्वचितच सापडेल. मी मात्र तो संगणकावर स्वतःच्या हाताने घडवून आणला आहे.

माझे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी. १९५० साली प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याची चाके फिरली, आणि पुढे दुधाच्या संस्थाही आल्या. तेव्हापासून आमच्याकडे पैसा दोन वाटांनी येतो. उसाचा वर्षाकाठी, दोन-तीन हप्त्यांत. दुधाचा दर दहा दिवसांनी. हे दोन्ही पैसे वाटून त्यातून कर्ज वळते करून घेणाऱ्या एका संस्थेचा हिशेब मी हौसेने स्मॉलटॉक भाषेत लिहून दिला होता. अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात घडवलेली ही भाषा. तिच्यात प्रत्येक वस्तू कुठल्यातरी वर्गाची असते आणि वर्गालाही वरचा वर्ग असतो. बापाचे गुण मुलांत आपोआप उतरतात.

माझ्याकडे ‘ऊसबिल’ आणि ‘दूधबिल’ असे दोन वर्ग होते. दोहोंत ‘कपात’ अक्षरशः सारखी: बिलाचा तिसरा हिस्सा कर्जापोटी घ्यावा, बाकी हातात द्यावी. एकच मजकूर दोनदा लिहिलेला पाहिला की माझ्यासारख्या टापटिपीच्या माणसाला चैन पडत नाही. त्यावर उपाय तयारच होता. जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स यांनी १९९०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात याच भाषेसाठी रिफॅक्टरिंगचे हत्यार केले. दोन वर्ग दाखवावेत. ते वर एक नवा वर्ग उभा करते, सारखे तेवढे उचलून त्यात ठेवते आणि कामकाजात फरक पडणार नाही ना, याची आधी तपासणी करते. विचारते एकच गोष्ट: वडिलांचे नाव काय? मी ‘बिल’ असे लिहिले आणि चहा प्यायला उठलो.

हत्यार खोटे बोलले नव्हते. त्या दिवशी कुणाच्या हिशेबात एका पैशाचाही फरक पडला नाही.

पुढे संस्थेने ठरवले की उसाच्या दिवाळीच्या हप्त्यातून थकबाकी एकदम कापावी. मी ‘कपात’ बदलली, आणि तीही एकाच ठिकाणी! वसुबारसेच्या आदल्या दिवशी शेजारच्या आक्का पावती घेऊन दारात उभ्या.

“काय रे भाऊ, गायांनी संप केला व्हता का? मी तर दोन्ही टायमाचं दूध घातलंय.”

पावतीवर शून्य होते. पैसे चार दिवसांनी परत मिळाले, पण वसुबारस काही चार दिवस थांबत नाही. आक्कांनी पेंड उधारीवर आणली.

आपल्या नैयायिकांनी याचा विचार शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. अनेक गायींत खरोखर असणारे गोत्व ही जाती. (शास्त्रातली जाती, दाखल्यावरची नव्हे.) पण दहा माणसे स्वयंपाक करतात म्हणून त्यांच्यातले ‘पाचकत्व’ ही जाती नव्हे, ती केवळ उपाधी. चूल विझली की संपली. उदयनाचार्यांनी तर अशा खोट्या जाती ओळखायच्या सहा खुणा सांगितल्या. माझी ‘कपात’ पाचकत्वाच्या पंक्तीतली होती. दुधाला प्रत्येकाची फॅट पाहून दर मिळतो, उसाचा दर साऱ्या कारखान्याच्या साखरउताऱ्यावर ठरतो. एक पैसा घरखर्चाचा, दुसरा लग्नाचा नि विहिरीचा. दोन्हीकडे तिसरा हिस्सा कापला जात होता, पण कारणे वेगळी होती. यंत्राला अक्षरांचे सारखेपण दिसते, कारणांचे कुठून दिसणार? ते मला ठाऊक होते. आक्कांच्या गोठ्यातले दूध पिऊनच मी वाढलो आहे. नाव विचारले तेव्हा मी क्षणभर थांबायला हवे होते.

‘कपात’ आता पुन्हा दोन्ही मुलांकडे सोपवली आहे. परवा सुट्टीवर आलेल्या भाच्याने ती पाहिली आणि हसून म्हणाला, “मामा, हे दोनदा का लिहिलंय? एका क्षणात वर नेतो.”

मी म्हटले, “आधी आक्कांकडे जा, आणि दुधाच्या पैशांतून काय काय येतं ते विचारून ये.”

तास होऊन गेला, तो अजून आलेला नाही. आक्कांनी फराळाला बसवला असावा.