देणाऱ्याच्या मनाची झडती

दिवाळी आटोपली की शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. अडीनडीला घेतलेली उचल फेडायला माणसं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भाताची लावणी-कापणी सोडली तर गावात काम नसतं. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे इतक्यांनी इतक्यांदा लिहिलंय की आता वाचणाऱ्याला काही वाटेनासं झालंय. पोराला भट्टीवर नेलं की त्याची शाळा सुटली. मागं ठेवायचं तर कोणाजवळ? या दोन तालुक्यांत पोरगं शिकणार की नाही, हे बऱ्याचदा वसतिगृहातल्या एका खाटेवर ठरतं.

ती खाट देतं कोण? आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत. त्यांचं प्रकल्प कार्यालय शहापुरात आहे. संस्थांनी चालवलेल्या अनुदानित आश्रमशाळा आहेत. आणि ठाणे-पालघरच्या या सगळ्या पट्ट्यात देवाच्या नावानं काम करणारी माणसं आहेत. वसतिगृहं आणि दवाखाने चालवणाऱ्या ख्रिस्ती सिस्टर आहेत, वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते आहेत, साकवारला रामकृष्ण मिशनचं आरोग्य केंद्र आहे, गणेशपुरीच्या गुरुदेव सिद्धपीठातून निघालेलं ‘प्रसाद’ संस्थेचं काम आहे. एकमेकांचे देव यांना मान्य नाहीत, काहींना एकमेकांचा संशयही आहे. पण सगळ्यांना एकाच कायद्यांच्या चाळणीतून जावं लागतं. ती चाळणी आता कशी बदलते आहे, याची चिंता मला हा लेख लिहायला लावते.

पहिली चाळणी आपल्याच राज्याची. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, आता नावात ‘महाराष्ट्र’. त्याच्या व्याख्येत देऊळ, मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी अशी सगळी एका ओळीत बसवली आहेत, आणि धार्मिक किंवा धर्मादाय हेतूनं नोंदलेल्या सोसायट्याही. शहापूर-मुरबाडच्या संस्थेला त्यासाठी ठाण्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात जावं लागतं. नोंदणी क्रमांकाआधी अक्षर लागतं: हिंदू धर्मसंस्थेला ‘ए’, मुस्लिम संस्थेला ‘बी’, धर्मादाय न्यासाला ‘ई’, सोसायटीला ‘एफ’. विश्वस्त बदलला की बदल अर्ज, जमीन विकायची तर ३६ कलमाखाली परवानगी, दरवर्षी लेखापरीक्षण. एखाद्या छोट्या संस्थेत म्हातारे विश्वस्त एकेक करून वारतात, बदल अर्ज वर्षानुवर्षं तुंबतात, आणि मग बँकेत सही कोणाची चालणार इथपासून अडतं. धर्मस्वातंत्र्याची खरी रोजची कहाणी ही इतकी साधी आणि कंटाळवाणी असते.

या कायद्याला लगेच आव्हान मिळालं. रतिलाल पानाचंद गांधी या जैन न्यासाच्या व्यवस्थापकांनी आणि पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी तो न्यायालयात नेला. १९५४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. लिहिणारे न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी. माझ्या मते महाराष्ट्रातल्या प्रत्येक धर्मसंस्थेच्या विश्वस्तानं हा निकाल एकदा तरी वाचावा. नोंदणी मागणं, हिशेब तपासणं, देखरेखीच्या खर्चापोटी वर्गणी घेणं हा सरकारचा अधिकार न्यायालयानं मान्य केला. संविधानाच्या २५ व्या कलमातच धर्माशी जोडलेले आर्थिक व्यवहार नियंत्रित करायची मुभा आहे. पण दोन गोष्टी न्यायालयानं अडवल्या. देवळाचा किंवा मठाचा विश्वस्त म्हणून खुद्द धर्मादाय आयुक्ताला बसवता येणार नाही. आणि भाविकानं धर्मकार्यासाठी दिलेला पैसा, केवळ सार्वजनिक हिताचं वाटतं म्हणून, विश्वस्तांच्या मनाविरुद्ध दुसऱ्या कामाकडे वळवता येणार नाही. पैशाचा माग काढा, पण तो कोणत्या श्रद्धेनं दिला त्यावर हुकूम चालवू नका, अशी ती मर्यादा. सत्तर वर्षं ती बऱ्यापैकी टिकली. जैन, पारशी, हिंदू, ख्रिस्ती, सगळ्यांना तिचा आधार मिळाला.

आयकराची चाळणी जास्त बारीक आहे. एकाच धर्मसमुदायाच्या भल्यासाठी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत नाही. मात्र अनुसूचित जमाती, स्त्रिया, मुलं यांच्यासाठीचं काम त्या अर्थानं ‘एका समुदायाचं’ मानत नाहीत. संस्थेचा धार्मिक खर्च उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपलीकडे गेला की सवलत धोक्यात. निनावी देणगीवर २००६ पासून तीस टक्के कर आहे. निव्वळ धार्मिक न्यासाला तो माफ. न्यास धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही असेल तर दानपेटीत पडलेलं माफ, पण तीच नोट नाव न सांगता ‘शाळेसाठी’ किंवा ‘दवाखान्यासाठी’ म्हणून दिली तर करपात्र. पौष पौर्णिमेला म्हसे यात्रेत म्हसोबापुढे नोट ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात देवाचं आणि धर्मादायाचं असे दोन कप्पे नसतात. पण काळा पैसा शाळा-रुग्णालयांच्या नावानं पांढरा होत होता, म्हणून हा नियम आला, आणि तो मला पटतो.

खरी कोंडी परदेशी देणगीच्या कायद्यात आहे. २०१० च्या या कायद्यात सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, सामाजिक यांच्या जोडीला ‘धार्मिक’ कामासाठीही परदेशी पैसा घ्यायला मुभा आहे, हे लोक विसरतात. २०२० ची दुरुस्ती सगळ्यांवर सारखी लागू झाली: प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा पन्नासवरून वीस टक्के, पैसा येण्याचं खातं फक्त दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत, आणि एका संस्थेनं घेतलेली रक्कम दुसरीला द्यायला पूर्ण बंदी. पहिल्या दोन गोष्टींशी माणसं जुळवून घेतात. तिसरीनं छोट्यांचं कंबरडं मोडलं. पूर्वी मोठी संस्था मुंबई-पुण्यात बसून नोंदणी, लेखापरीक्षण, नूतनीकरण सांभाळायची आणि आतल्या तालुक्यातल्या वसतिगृहाला धान्याचे, शिक्षकाच्या मानधनाचे पैसे द्यायची. आता त्या वसतिगृहानं स्वतःची नोंदणी करावी, दर पाच वर्षांनी ती नवी करावी. डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या पलीकडे जिथं मोबाइलला रेंज मिळायची मारामार, तिथं हे कोण करणार? सर्वोच्च न्यायालयानं ८ एप्रिल २०२२ ला न्या. अजय खानविलकरांच्या खंडपीठातर्फे ही दुरुस्ती वैध ठरवली. परदेशी पैसा मिळणं हा कोणाचा हक्क नाही, हे मला मान्य आहे. पण नियम वैध असणं वेगळं आणि शहाणपणाचा असणं वेगळं. २०२१ च्या नाताळात मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं नूतनीकरण नाकारलं गेलं, तेव्हा जगभर बोंब झाली आणि दोन आठवड्यांच्या आत ते परत मिळालं. निनावी वसतिगृहासाठी अशी बोंब होत नाही.

आणि आता प्रलोभनाचा प्रश्न. धर्मांतरविरोधी कायदे नवे नाहीत. ओडिशाचा १९६७ चा, मध्य प्रदेशाचा १९६८ चा. त्यांचं मूळ आपल्या जवळचं आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती १९५४ मध्ये बसली, १९५६ मध्ये तिनं मिशनऱ्यांच्या कामावर अहवाल दिला. तेव्हा नागपूर त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्याच काळात, १९५२ मध्ये, बाळासाहेब देशपांड्यांनी जशपूरला कल्याण आश्रम सुरू केला. आदिवासींची सेवा आणि आदिवासींच्या धर्माबद्दलची चढाओढ तेव्हापासून एकमेकींत गुंतलेली आहे. ओडिशा आणि मध्य प्रदेशाच्या त्या कायद्यांवरच्या स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, धर्माचा प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा अधिकार नव्हे.

जुन्या कायद्यांतही प्रलोभनाची व्याख्या सैलच होती: भेटवस्तू, पैसा, कुठलाही ऐहिक लाभ. नव्या कायद्यांनी ती आणखी ताणली. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं मोफत शिक्षणही प्रलोभनात धरलंय. चांगल्या राहणीमानाचं आश्वासनही. आरोप खोटा असल्याचं सिद्ध करण्याचा भार आरोपीवर, आणि दोषी संस्थेची नोंदणी रद्द, सरकारी मदत बंद. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये अशाच कायद्याच्या अभ्यासासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली.

ही व्याख्या कातकरी वाडीवर लावून बघा. भट्टीवर निघालेल्या आईनं पोरगी सिस्टरांच्या वसतिगृहात ठेवली. तिथं जेवण फुकट, वह्या फुकट, ताप आला तर औषध फुकट. सहा वर्षांनी ती मुलगी गळ्यात क्रूस घालू लागली, तर तो तांदूळ प्रलोभन होता की अन्न? हाच प्रश्न उलटाही विचारता येतो. तीच मुलगी दुसऱ्या वसतिगृहात राहिली, रोज गीता म्हणू लागली, घरी येऊन वाघदेवापुढचं कोंबडं नको म्हणू लागली, तर? यातल्या पहिल्या बदलाला कायदा धर्मांतर म्हणतो आणि दुसऱ्याला काहीच म्हणत नाही. पण तिच्या आजीच्या डोळ्यांदेखत देव दोन्हीकडे बदलला.

अमेरिकेत २०२१ मध्ये फिलाडेल्फिया शहर आणि तिथली कॅथलिक सेवासंस्था यांचा खटला गाजला. श्रद्धेला पटत नाही म्हणून समलिंगी जोडप्यांना पालकत्वासाठी मूल सोपवायला संस्थेनं नकार द्यावा का, हा वाद होता. तिथं भांडण सेवा नाकारण्यावरून झालं. आपल्याकडे संशय सेवा देण्यावरच घेतला जातो, आणि हा फरक मला अस्वस्थ करतो. १९५४ च्या निकालानं हिशेबवही तपासायला परवानगी दिली होती. आता देणाऱ्याच्या मनाची झडती घ्यायची म्हणतात. ती झडती घेणार पोलीस ठाण्यातला हवालदार.

दबाव नसतोच, असं मी म्हणणार नाही. ज्याच्या ताटात जेवायचं त्याची प्रार्थना म्हणावी लागते, हे वसतिगृहातल्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. दहा वर्षांच्या पोराला नकाराची ताकद नसते आणि बापाला दुसरी जागा नसते. पण यावरचा उपाय संविधानानं २८ व्या कलमात आधीच लिहून ठेवलाय. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणावरही धर्मशिक्षणाची वा उपासनेची सक्ती नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. हे कलम सिस्टरांना लागू आहे तसंच कल्याण आश्रमाला, बुवामहाराजांच्या शाळेला आणि सरकारी अनुदानावर रोज आरती करणाऱ्या आश्रमशाळेलाही लागू आहे.

या सगळ्या वादात खुद्द आदिवासींचा धर्म कुठं आहे? ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे वाघदेव, हिरवा, चेडा, गावदेव कुठल्याच ‘ए’ नोंदवहीत सहसा नसतात. वाघबारशीला वाघाला नैवेद्य दाखवणाऱ्यांचा ट्रस्ट नसतो, विश्वस्त नसतो, लेखापरीक्षण नसतं. तरी कायद्यात त्यांना जागा आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडमधली काही गावं पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात, आणि १९९६ चा पेसा कायदा रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो. ओडिशाच्या नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे मनावर घेतलं. डोंगर देव आहे की बॉक्साइटची खाण, ते ग्रामसभांनी ठरवावं म्हटलं, आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय, ते मला त्या निकालात सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा, ही ‘डी-लिस्टिंग’ची मागणी त्याच्या नेमकी उलट आहे. १९५० च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अटच नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात आहे, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्यांना ती अट १९९० पर्यंत किती नडली, हे महाराष्ट्राला कोणी सांगायला नको. भट्टीवर जाणारा कातकरी कोणत्या देवाला हात जोडतो, यावर त्याच्या पोराचा आश्रमशाळेतला प्रवेश ठरावा, हे मला कदापि मान्य नाही.

नवीन काही करायचंच असेल तर प्रवेशअर्जात करा. प्रत्येक अनुदानित आश्रमशाळेच्या आणि मान्यताप्राप्त शाळेच्या वसतिगृहाच्या अर्जात, संस्था कोणत्याही धर्माची असो, एक रकाना हवा: इथं कोणती प्रार्थना होते, मुलानं ती म्हणावी का, न म्हटल्यास त्याचं जेवण आणि जागा कायम राहील का. अंगठा घेण्याआधी तो आईबापाला त्यांच्या बोलीत वाचून दाखवायचा, गावातल्याच कोणाला साक्षीला बसवायचं. तपासणी प्रकल्प कार्यालयानं करायची, पोलिसांनी नाही. आणि भरती जूनमध्ये होत असली, तरी हे वाचन भट्टीला निघण्याआधी, दिवाळीच्या आठवड्यात पुन्हा एकदा व्हावं, कारण तेव्हा आई-बाप दोघं वाडीवर असतात.