खालचं दार

न्यूयॉर्कला गेलेला मराठी माणूस सवड काढून कोलंबिया विद्यापीठात जातो. तिथल्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेब आंबेडकरांचा अर्धपुतळा आहे. त्याच्याशेजारी फोटो निघतो, नमस्कार होतो आणि टॅक्सी पुढच्या ठिकाणी निघते. तिथून पूर्वेला थोडंसं चाललं, तर जमीन एकदम तुटते. खडकाचा उभा कडा, त्यावरून उतरणाऱ्या पायऱ्या, उतारावर मॉर्निंगसाइड पार्क आणि खाली हार्लेम. बाबासाहेब १९१३ ते १९१६ इथे शिकत होते, तेव्हा हार्लेममध्ये कृष्णवर्णीय कुटुंबं नुकती मोठ्या संख्येने येऊ लागली होती.

याच उतारावर विद्यापीठाला व्यायामशाळा बांधायची होती. पार्क सार्वजनिक, पण त्यातली दोन एकरांहून थोडी जास्त जागा विद्यापीठाला भाड्याने मिळाली. बदल्यात इमारतीचा तळाचा थोडा भाग हार्लेमच्या लोकांना वापरता येणार होता. नकाशात दारं दोन होती: विद्यार्थ्यांचं वर, हार्लेमकरांचं खाली. फेब्रुवारी १९६८मध्ये खोदकाम सुरू झालं आणि विरोधकांनी इमारतीला नाव ठेवलं ‘जिम क्रो’. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांना हेच म्हणत. इंग्रजीत दोन ‘जिम’ची स्पेलिंगं तरी वेगळी आहेत, देवनागरीत तेवढाही आडपडदा राहत नाही. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या. व्हिएतनामचा रागही त्यात होताच. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आत शिरले, सातशेच्या आसपास लोक धरले गेले आणि व्यायामशाळा बारगळली.

मला मात्र अटकांपेक्षा ते खालचं दार सुटत नाही. त्याच्या बाजूने सांगितलं जाणारं कारण सरळ होतं. चढ आहे, खालून येणारा माणूस खालूनच आत शिरणार, यात वर्णाचा काय संबंध? कारण खोटं नव्हतं, आणि पंचाईत तीच आहे. आपल्याकडेही महारवाडा गावाच्या खालच्या अंगाला का, असं विचारलं की कुणीतरी वाऱ्यापाण्याची दिशा सांगून मोकळं होतं. उतार खराच असतो. पण वर कोणी राहायचं आणि खाली कोणी, हे काही उताराने ठरवलेलं नसतं.

विद्यापीठ आणि शेजारची वस्ती यांच्या संबंधांवर संशोधन करायला बसलं की हीच अडचण येते. नकाशे, करारनामे, विश्वस्तांची इतिवृत्तं हे सगळे कागद वर असतात, नीट जपलेले. इतिहासकार एरिक फोनर यांच्या पुढाकाराने २०१५पासून कोलंबियाने गुलामगिरीशी असलेलं आपलं जुनं नातं खणून काढलं. काम प्रामाणिक आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ते वरच्या दाराने आत गेलेलं संशोधन आहे.

आणि संशोधन दर वेळी घटना उरकल्यावर येतं असंही नाही. कोलंबियाने पश्चिम हार्लेममधल्या मॅनहॅटनव्हिलमध्ये सतरा एकरांवर नवा परिसर आखला. २००७मध्ये नगरपरिषदेने मंजुरी दिली. सक्तीने जमीन घ्यायची तर भाग मोडकळीला आलेला आहे हे सिद्ध व्हावं लागतं. ती पाहणी सरकारी महामंडळाने ज्या सल्लागार कंपनीकडे दिली, ती आधीपासून विद्यापीठाचंच काम करत होती. २००९मध्ये अपील न्यायालयाने यावर ताशेरे ओढत भूसंपादनाविरुद्ध निकाल दिला. २०१०मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तुमची गल्ली मोडकळीला आली आहे, हाही शेवटी संशोधनाचाच निष्कर्ष होता.

खाली कागद नाहीत असं मात्र समजू नये. १३५व्या रस्त्यावर शॉम्बर्ग केंद्र आहे. आर्तुरो शॉम्बर्ग यांनी जन्मभर जमवलेली पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं १९२६मध्ये शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने विकत घेतली, त्यातून ते उभं राहिलं. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असं ऐकवणाऱ्यांना त्यांचं उत्तर म्हणजे हा संग्रह. १९४६मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, तेव्हा काय मागितलं? अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांपुढे मांडत होते त्या निवेदनाच्या प्रती. म्हणजे त्यांच्याविषयी कुणी लिहिलेला प्रबंध नाही, त्यांनी स्वतः लिहिलेला अर्ज.

व्यायामशाळेसाठी फोडलेल्या खडकाचा खड्डा वर्षानुवर्षं तसाच पडून होता. आता तिथे तळं आहे. कड्यावरून त्यात धबधबा सोडलाय, पाण्यात बदकं असतात, आणि हार्लेममधली मुलं खालच्या रस्त्याने सरळ काठापर्यंत येतात.