झाडावर न चढलेल्यांसाठी

बालपुस्तकांच्या चित्रकाराला हमखास विचारतात: लहानपणी काय वाचलंत, कुठल्या झाडांवर चढलात? उत्तर खरंच असतं. पण त्याच झाडावरची बाकीची पोरं बँकेत लागली, त्यांना कोणी विचारत नाही.

माधुरी पुरंदरे जे. जे.त चित्रकला शिकल्या, पुढे फ्रान्सला गेल्या, 'गोदो' मराठीत आणला, पिकासोचं चरित्र लिहिलं. २०१४ मध्ये साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. आणि 'राधाचं घर'मध्ये? आई, बाबा, आजी, आजोबा. साहस म्हणावं असं काही नाही.

आमच्या कोरमंगलातल्या सोसायटीत झाडावर चढायला बंदी आहे. भाचीनं राधाचं पुस्तक मिटलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काय हवंय गं?"

"काही नाही. आजी कशी बसते ते बघतेय."